चांदीच्या शिक्क्यावरचा नांगर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भांडण. रोजचंच होतं, म्हणून त्यात विशेष काही वाटलं नाही. अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी ती अंगणात बसून माझा चांदीचा शिक्का चिंच आणि राखेनं घासत होती.

"अवं, काय करून राहिली?"

"देवाचं घासून राहिली."

"देवाचं नोहे ते, माझं हाये!"

"मंग तुमी का देवापेक्षा मोठे?"

शिक्का म्हणजे बाजारात चालणारं नाणं नव्हे. बाहेरदेशात जुन्या आरमाराची आठवण म्हणून असे चांदीचे गोल शिक्के पाडत. एका अंगाला जहाज, दुसऱ्या अंगाला ते कुठल्या लढाईत लढलं ते इंग्रजीत. माझ्याकडे असे अकरा आहेत. मी चौथी शिकलेला. समुद्र पाहिला नाही. सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते पुरातल्या वैनगंगेचं. पोरीच्या लग्नात लक्ष्मीचा शिक्का घ्यायला भंडाऱ्याच्या सराफाकडे गेलो होतो. त्याच्या मोडीच्या डब्यात, आटवायला आलेल्या पैंजणांमध्ये, एक जहाज पडलं होतं. वर तीन धुरांडी, खाली लाटा. एवढं लोखंड पाण्यावर उभं कसं राहतं, याचाच विचार करत बसलो आणि लक्ष्मी राहूनच गेली. घरी आल्यावर जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून मोडीत असा शिक्का आला की सराफ माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. इंग्रजी आम्हा दोघांनाही येत नव्हतं, म्हणून नावं तिनंच ठेवली. तीन धुरांड्यांचा तो 'तीन चुलीवाला'. शिडांचं जहाज 'धोतरं वाळवणारा'. पाणबुडीला ती सरळ 'वांगं' म्हणायची. पुढं पुढं सराफाचाही फोन यायचा, "बाबा, अजून एक वांगं आलं आहे."

भांडण असायचं ते एकाच शिक्क्यावरून. त्याच्यावर जहाज नव्हतं, खाली दोन आकडे असलेली दांडी होती. गावातल्या निवृत्त गुरुजींनी मागचं वाचून सांगितलं, "हा जहाजाचा नांगर." आपल्या मराठीनं तिथंच घात केला. शेतातला तोही नांगर, आणि जहाज थांबवायला पाण्यात टाकतात तोही नांगर. ती दारात उभी होती, तिनं फक्त शेवटचा शब्द ऐकला. आमचा लाकडी नांगर उदईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लेला, धानाची बांधी आता भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरली जाते. अक्तीला नांगर पुजून शेतीचं वर्ष सुरू करायचं, तर पुजायचं काय? तिला हा सापडला. तीन वर्षं ती त्याला हळद-कुंकू लावायची आणि तीन वर्षं मी ते मऊ फडक्यानं टिपून काढायचो. जुन्या चांदीवरचा काळेपणा हे तिचं वय असतं. तो घालवला की शौकीन माणूस तिला हात लावत नाही. यंदा तर बाईनं राखच लावली.

"तो जमीन नांगराचा नोहे," मी म्हटलं. "जहाज थांबवाचा हाये."

"नांगरानं कोनी थांबते का? नांगर तं चालते."

"पाण्यात टाकते त्याले."

"पाण्यात काय पेरते? शिंगाडे?"

मला हसू आलं होतं. दाबलं. "तुले अक्कल नाही," मी म्हटलं. "आजपासून माझ्या डब्याले हात लावाचा नाही."

"एकदा म्हना, शेतीचा नांगर हाये. मंग नाही लावत."

मी नाही म्हटलं. तिनं शिक्का धुऊन पुसला आणि देवाजवळ ठेवला. इतका लखलखीत की कालच पाडल्यासारखा. दिवेलागणीला दिवा लावून ती भिंतीला टेकून बसली, ती तशीच राहिली. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. त्या बाईचं तोंड चालू असताना हृदय आधी बंद पडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

सकाळी पहिल्या एसटीनं लाखांदूरहून तिचा धाकटा भाऊ आला. जन्मभर औत हाकलेला माणूस. तिला अंगणात निजवलं होतं, नेण्याची तयारी चालू होती. सुतकात अक्तीची पूजा होणार नव्हती. रडून झाल्यावर त्याचं लक्ष देवाजवळ गेलं.

"भाऊजी, हे काय हाये?"

"नांगर."

त्यानं वाकून पाहिलं. "दोन फाळाचा?"

"दोन बैल असते, तं दोन फाळ."

"असा नांगर असते का कुठं? हा तं मले..."

"शेतीचा नांगर हाये! तुयी बहीण तीन वर्षं पूजून राहिली होती, ते काय येडी होती?"

माझा आवाज चढला. अंगणातली माणसं आत डोकावली. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्यानं आताच वाटणी काढली. साळा घाबरला.

"बरं भाऊजी. नांगर तं नांगर."

"तसं नाही. मोठ्यानं म्हन. बाहेर आयकू गेलं पायजे."

तो म्हणाला. मग मी पण म्हटलं.