जिची चिठ्ठी, तिनं बोलायचं

शकू गेली तेव्हा मी तिचं तोंड बघायला गेले नाही.

तिचं घर समता कॉलनीत. माझं तिथून तिसऱ्या गल्लीत. रमतगमत गेलं तरी पाच मिनिटं.

आज वर्ष झालं. आता लिहूनच टाकते.

कारण ऐकून हसाल. एका अमेरिकन कादंबरीवरून आमचं वाजलं होतं.

आमची चौघींची पुस्तकांची भिशी. मी, शकू, कुसुम आणि वंदना. एक पुस्तक चौघींनी आळीपाळीनं वाचायचं, मग डब्यात चार नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. जिची चिठ्ठी निघेल तिनं आधी आपलं मत सांगायचं. तिचं होईपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही.

मी सातवी शिकलेली. पुढचं जे काही शिकले ते या भिशीत.

ती कादंबरी शकूनं नागपूरच्या फुटपाथवरून आणली होती. मराठी अनुवाद, कव्हर फाटलेलं.

एक गरीब पोरगा. त्याच्या प्रेमातली मुलगी श्रीमंताच्या घरात पडते. मग हा बक्कळ पैसा कमावतो, तिच्या डोळ्यात भरावं म्हणून बंगला घेतो, रोज पार्ट्या देतो. शेवटी त्याचा जीव जातो. आणि ती त्याच्या मातीलाही येत नाही.

कुसुम म्हणाली, "येडा होता तो. एवढ्या पैशात दुसरी नसती भेटली का?"

वंदना म्हणाली, "मले तर पार्ट्याच आवडल्या बाप्पा."

शकू मात्र पेटली. "मातीले तरी याले पाहिजे होतं ना तिनं!"

मी म्हटलं, "नवरा आहे, लेकरू आहे. कोणत्या तोंडानं येईल ती?"

"तू त तिचीच बाजू घेशील. मी मेली त तूही नाही येणार."

"नाही येणार, जाय!"

त्यानंतर बोलणं बंद. दहाव्या दिवशी शकू गेली. झोपेतच.

मी चप्पल घातली. गेटची कडी काढली. आणि हात तिथंच राहिला.

वाटलं, मी आत पाऊल ठेवलं की ती डोळे उघडेल. सगळ्यांदेखत म्हणेल, "आली का वं?"

आम्ही विहारात जाणाऱ्या बाया. भूतखेत मानत नाही. तरी हात हलला नाही.

अंत्ययात्रा आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. मी खिडकी लावून घेतली.

पुढच्या महिन्यात भिशी माझ्याकडे होती. डबा मी सकाळीच घासून उन्हात पालथा घातला. चिठ्ठ्या मीच लिहिल्या.

तीन.

वंदनानं हात घातला, एक चिठ्ठी उघडली. मग आमच्यापुढे धरली.

शकुंतला.

तिच्याच अक्षरात. शेवटचा काना खाली ओढलेला, ती ओढायची तसा.

कुसुम म्हणाली, "जुनी असन वं. झाकणाले चिकटून राहिली असन."

झाकणही मी घासलं होतं. 

वंदना हळूच म्हणाली, "चिठ्ठी निघाली न? मग बोलू द्या तिले."

दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन. कुसुमनं कूलर बंद केला. शकूच्या नेहमीच्या खुर्चीकडे तोंड करून आम्ही तिघी बसलो. कोणी मध्ये बोललं नाही.

किती वेळ, कोणास ठाऊक. चहावर साय धरली.

मग कुसुम म्हणाली, "खाकरली ती."

वंदना म्हणाली, "काही नाही खाकरली. पान उलटल्याचा आवाज होता." दोघी त्यावरून भांडल्यासुद्धा.

मला विचारलं, तुले काय ऐकू आलं?

मी म्हटलं, कूलरचं पाणी टपकत होतं.

खोटं बोलले. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

"आली का वं?"

भिशी तिथंच बंद पडली.

आज शकूचं पुण्यानुमोदन, वर्षाचा कार्यक्रम. सकाळी तिच्या मुलानं, प्रशांतनं, मला दुधाच्या दुकानात गाठलं. "आंटी, आज तो आओगे न?"

गेले. बुद्धवंदना झाली, खीर झाली. लोक पांगल्यावर त्यानं ती कादंबरी माझ्या हातात ठेवली.

"मम्मी ने आपके लिए रखी थी. आखिरी हफ्ते में फिर से पढ़ी. बोली, तेरी आंटी सही बोल रही थी. जो नहीं आई, उसकी भी कुछ मजबूरी होगी."

"अरे, मग वर्षभर काहून नाही सांगितलं?"

"दो बार आया था आंटी. दोपहर में. आपने दरवाज़ा ही नहीं खोला."

कडी वाजली होती, आठवलं मला. दोन्ही वेळा मी आतून दाराला पाठ लावून उभी होते.

मला वाटलं होतं, तीच आहे.

शकू, या वर्षात ती कादंबरी मी मनातल्या मनात कितीदा वाचली, मोजदाद नाही. माझं मत फिरलंय बाई. तिनं यायलाच पाहिजे होतं. नवरा असो, लेकरू असो.

आता तू माझ्या बाजूला गेलीस आणि मी तुझ्या. म्हणजे भांडण आहे तिथंच आहे.

"बोलायला ये एकदा" असं इथं लिहिलं होतं. पुसून टाकलं.

तू खरंच येशील.

जिथं आहेस तिथं सुखानं राहा. माझी ही उशिराची आदरांजली घे.

जयभीम, शकू.