नॉर्मल आलेला मेंदू

माझे थोरले काका कुठल्याही विषयातले तज्ज्ञ होते. त्यासाठी तो विषय माहीत असण्याची गरज त्यांना कधी पडली नाही. चोविसाव्या वर्षी मला आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा ते ठाण्यातल्या खोपटहून डोंबिवलीला आमच्याकडे आले आणि चहा संपायच्या आत निकाल देऊन मोकळे झाले. लग्न लांबलं की मुलींना असं होतं म्हणे.

मी तेव्हा मानपाड्याला एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये होते. दोन बायका माझ्या पाठीमागून माझ्या प्रत्येक हालचालीवर बोलत. आता हिने बाटली उचलली, आता हिने खोटं लिहिलं. वळून बघावं तर कोणी नाही. बरेच दिवस मी गप्प राहिले, मग एकदा भर कामात त्यांच्यावर ओरडले. ऑफिसने आईला बोलावून घेतलं.

आई मला ठाण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाबा हयात नव्हते, म्हणून काका न बोलावता सोबत आले. बाईंनी मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढायला सांगितला. तिथल्या मुलीने केसांत चिकट लेप लावून डोकंभर वायरी डकवल्या आणि म्हणाली, "डोळे मिटून स्वस्थ पडा. काही करायचं नाही."

मी स्वस्थ पडले. त्या दोघी पडल्या नाहीत. माझे पाय किती काळे, मी कशी मेल्यासारखी पडलेय, हे चालूच होतं. त्यातलं काही कागदावर उमटेल याची मला भीती वाटत होती, आणि आशाही. उमटलं तर निदान कोणाचा विश्वास तरी बसेल.

रिपोर्ट नॉर्मल आला.

बाईंनी नीट समजावलं. फिट येण्यासारखं काही नाही ना, एवढंच या तपासणीत बघायचं होतं. असे आवाज ऐकू येण्याच्या आजारात सुरुवातीला, माणूस स्वस्थ पडलेला असताना मेंदूच्या लहरींत थोडा फरक असतो, असं संशोधकांना दिसतं. पण पुष्कळ माणसं एकत्र तपासल्यावर. एकट्या माणसाच्या आलेखावरून आजार आहे की नाही, ते कळत नाही. काकांनी त्यातलं 'नाही' एवढंच उचललं.

नवरात्रात ठाण्यात टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाच्या रांगेत ते नातेवाइकांना सांगत होते की मशीनने सिद्ध केलंय, पोरगी नाटकं करते. मी दोन माणसं सोडून मागे उभी होते. सगळे माना डोलवत होते. एका आत्याने डोक्याला बदामाचं तेल सुचवलं. आमच्या घराण्यात एवढाच विचार होतो.

दिवाळीनंतर काका एक स्थळ घेऊन आले. मुलाकडच्यांना बाईंनी सुरू केलेल्या गोळ्या दिसता कामा नयेत, रिपोर्ट चांगला आहे तर त्या बंद करून टाका, असं त्यांचं म्हणणं. आई त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. तिने त्यांच्या हातातली बशी काढून घेतली.

"भाऊजी, तुमच्या डोक्याला वायरी लावल्या तरी नॉर्मलच येईल," ती म्हणाली. "म्हणून तुमचं ऐकायचं का मी?"

काका चपला घालून निघून गेले. स्थळही गेलं.

गोळ्यांनी मला झोप आणली, वजन वाढवलं, हात थरथरायला लावले. पण त्या दोघींचा आवाज हळूहळू पातळ झाला आणि पावसाळ्याच्या आसपास कधीतरी थांबला. आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. घरी मिक्सर लावला की क्वचित एखादी कुजबुज येते. मी मिक्सर बंद करते, थोडं थांबते, पुन्हा लावते.

पोरगी आपल्याच सल्ल्याने सुधारली, असं काका हल्ली सांगत फिरतात. मी ते खोडून काढत नाही. त्यासाठी त्यांच्याशी बोलावं लागेल.