उणे साठवरची रेषा

त्या वर्षी मी इंग्लंडमध्ये, रीडिंग शहरातल्या एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींमधले प्रवाह मोजत होते. पेशीला शांत करणारं रसायन सोडलं की तिची बारीक दारं उघडतात आणि क्लोराइड ये-जा करतं. ते आत जाणार की बाहेर, हे व्होल्टेज ठरवतं. पेशी उणे ऐंशी मिलिव्होल्टला धरली तर पडद्यावरची रेषा खाली जाते, शून्याला धरली तर वर. मध्येच, उणे साठच्या आसपास, ती सपाट राहते. दारं सताड उघडी असतात, पण जितकं आत तितकंच बाहेर. नवे विद्यार्थी हमखास तिथे फसायचे. पेशी मेली म्हणून टाकायला निघायचे आणि मी खेकसायचे, "आधी व्होल्टेज बदलून बघा!"

मला मुलगी झाली. जन्मताना तिला श्वास मिळाला नाही.

बेसिंगस्टोकची माझी नणंद तिचं नाव कधीचं ठरवून बसली होती. आत्याचा मान तो. बारशाआधी सांगायचं नाही म्हणून मला भारी छळायची. "वहिनी, कितीही लाडीगोडी लाव, आय ॲम नॉट टेलिंग यू!"

काचेच्या पेटीत लेकीच्या डोक्याला तारा लावल्या होत्या. पडद्यावरची रेषा सपाट होती. डॉक्टर सांगलीकडचे, वडिलांच्या वयाचे. स्कॅनही वाईटच आहे, आता श्वासाचं मशीन बंद करावं लागेल, असं त्यांनी मराठीतच सांगितलं.

मी भांडले. अक्षरशः भांडले. "सपाट म्हणजे मेलेली नसते, डॉक्टर. मी रोज बघते. व्होल्टेज बदललं की रेषा हलते. तुम्ही बदलून तरी बघा!"

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाळा, इथे बदलायला काही नाहीये गं."

नवरा भिंतीकडे तोंड करून रडत होता. मला रडूही येईना, नुसता संताप येत होता. नर्सने लेकीला माझ्या मांडीवर दिलं. तारा अजून तशाच होत्या. नणंद पुढे आली, वाकली आणि बारशाला सांगतात तसं तिच्या कानात नाव सांगितलं. माझ्यापर्यंत ते पोचलं नाही.

मी पडद्याकडे बघत होते. रेषा हलली नाही.

ते नाव मी अजून नणंदेला विचारलेलं नाही.