पैलवानाची मांडी आणि माझा जड हात

गुडगावात मेट्रो नुकतीच पोचली होती आणि आमचं हॉस्पिटल तिच्याहून थोडंच जुनं होतं. लॉबीत पियानो, कॉफीचं दुकान, आणि फरशी इतकी गुळगुळीत की भेटायला आलेला माणूस घसरून ॲडमिट व्हावा. मी दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेतून निघालेली, ह्या हॉस्पिटलच्या आयसीयूत ज्युनिअर डॉक्टर. ज्युनिअर म्हणजे ज्याला कुणीही ‘देख ले ना यार’ म्हणून कामाला जुंपावं असा प्राणी.

आमचे मोठे साहेब परदेशातून एक नवं खूळ घेऊन आले. आयसीयूत पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात. ती झीज सोनोग्राफीने मोजायची: मांडीवर पेनाने खूण करायची आणि रोज त्याच जागी स्नायूची जाडी बघायची. कल्पना उत्तम होती. काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं.

पहिले पेशंट एक रिटायर्ड हवालदार, कोल्हापूरकडचे. फौजेतून सुटल्यावर एका काचेच्या टॉवरच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर होते. न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर गेले, आठवड्याने त्यातून सुटले, पण अंगात उठून बसायचीही ताकद उरली नव्हती. मी मशीन ढकलत गेले. त्यावर कायद्याप्रमाणे पाटी होती, ‘यहाँ भ्रूण के लिंग की जाँच नहीं की जाती’. हवालदारांच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, मला जेल लावताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“आवं डॉक्टरीणबाई, सोनोग्राफी पोटाची करत्यात. मांडीत काय पोर हाय व्हय?”

मी समजावून सांगितलं. त्यावर मावशी खुलल्या. हवालदार तरुणपणी पलटणीचे पैलवान होते म्हणे. शड्डू ठोकला की आखाड्याबाहेरची कुत्री पळायची. शड्डू म्हणजे काय, हे दिल्लीत वाढलेल्या मला ठाऊक नव्हतं. मावशींनी लुगड्यावरून स्वतःच्या मांडीवर फाडकन थाप मारून दाखवली. काय पडलं म्हणून सिस्टर धावत आली.

दहा दिवस मी मोजत राहिले. आकडा रोज खाली. दहाव्या दिवशी साहेबांनी चार्ट पाहिला आणि चष्मा काढला. “मसल तो खतम है. फिजिओ का टाइम वेस्ट मत करो. घरवालों को बता दो, अब ये खड़े नहीं होंगे.” म्हणजे उद्यापासून हवालदारांना उठवून बसवायचं बंद. एकदा ते बंद झालं की माणूस पलंगाचाच होतो, हे मला पक्कं माहीत होतं. वाईट बातमी सांगायला साहेबांना कधीच वेळ नसतो, म्हणून तेही मीच सांगितलं.

मावशी रडल्या नाहीत. भडकल्या.

“कोण म्हंतं?”

“मशीन म्हणतंय, मावशी.”

“मशीन न्हाई, तुमचा हात म्हंतोय! किती दाबताय! भाकरी थापताय काय? रोज बघतीया मी, मांडीत खड्डा पडतोय.”

आता ही बाई मला सोनोग्राफी शिकवणार! मी तणतणत मशीन आणलं, तिला खोटं पाडायलाच. जेलचा ढीग ओतला आणि प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा दांडा, नुसता टेकवला. स्क्रीनवर स्नायू जाड. दाबला, बारीक. पुन्हा सैल सोडला, जाड. माझी कानशिलं तापली. पायाच्या शिरेत गुठळी आहे का ते बघताना प्रोब दाबावाच लागतो. ती सवय माझ्या हातात बसली होती. त्यात रोज आकडा कमी येतोय म्हटल्यावर, नीट दिसावं म्हणून मी आणखीच दाबत गेले होते. हवालदार झिजले होते, खरंच झिजले होते, पण निम्मं मीच त्यांना झिजवलं होतं, कागदावर. मला भयंकर लाज वाटली.

मावशी नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. “आवळा बघू मांडी.” स्क्रीनवर स्नायू थरथरला आणि फुगला. जरासाच, पण फुगला.

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला ‘बेवकूफ’ म्हटलं, ते बरोबरच होतं. मग खात्री करायला पलंगाशी येऊन स्वतः प्रोब हातात घेतला आणि माझ्याहून जास्त दाबला. “ह्यास्नीबी शिकवा,” मावशी म्हणाल्या. मी त्याचं हिंदी केलं नाही. साहेबांचा हात हळूच धरून सैल केला. स्क्रीनवर स्नायू जाड झाला. साहेब म्हणाले, “फिजिओ चालू रखो.”

पुढे तीन आठवडे गेले. आधी पलंगावर बसवणं, मग पाय खाली सोडणं, मग शिव्या. शिव्या हवालदार फिजिओला अस्सल कोल्हापुरीत द्यायचे आणि तो बिचारा पंजाबी मुलगा ‘थँक्यू अंकल’ म्हणायचा.

एका सकाळी ते वॉकर धरून उभे राहिले. गुडघे लटलटत होते. फिजिओने मागून कंबर धरली होती, मी समोर हात पसरून उभी. हवालदारांनी बायकोकडे पाहिलं, एक हात वॉकरवरून सोडला आणि मांडीवर शड्डू ठोकला.

आवाज काही झाला नाही. मांडीवर मांसच कुठे होतं आवाज व्हायला?

मावशींनी डोळ्याला पदर लावला. “आला, आला आवाज,” त्या म्हणाल्या. “बसा आता.”