बंडप्पाचा खाडा

“आजारी पडायला घरात मानूस लागतंय,” बंडप्पा एकदा म्हणाला होता.

नळदुर्गजवळच्या आमच्या गावात तो पाणी सोडतो. टाकीखालचा वॉल सावकाश उघडायचा, हवा निघू द्यायची, नळांचं खोकणं थांबलं की पुढं फिरवायचा. त्याचा बाप सालगडी होता. सालगड्याला आजार नसायचा, खाडा असायचा; त्या दिवसाचे पैसे कापले जायचे. बंडप्पानं तेच उचललं. ताप असला तर डोक्याला टॉवेल बांधून जायचा. बायकोला, चंद्रप्रभाला, सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं त्या सकाळीही जीप दारात थांबवून तो आधी पाणी सोडून आला. ती परतली नाही.

परवा पुण्याहून उत्कर्ष आला. एकुलता मुलगा, कंपनीत आहे.

“सुट्टी कशाची रं?”

“आजारपणाची, आप्पा.”

“काय झालंय?”

“काही नाही. डोकं थकलंय. मार्चपर्यंत नाही घेतली तर वाया जाते.”

“डोकं थकलंय व्हय! जेवताना तोंड बरं चालतंय की.”

दोघं हसले. मग उत्कर्ष मोबाइलकडं वळला.

दुसऱ्या दिवशी बंडप्पाच तापानं फणफणला. उत्कर्षनं दारामागची वॉलची लांब चावी उचलली आणि पंचायतीतल्या रणधीरला देऊन आला.

“एक दिवस झोपा, आप्पा. गाव काही मरत नाही.”

तो झोपला नाही. कान दाराकडं लावून पडून राहिला. आता कुणीतरी ओरडत येईल. घागरी आपटतील. शिव्याही चालल्या असत्या. हायवेवरून ट्रक जात राहिले. मग न्हाणीतला नळ खोकला आणि धार लागली.

तो उठून अंगणात गेला. शेजारची धुरपदाबाई घागर भरत होती.

“धुरपदाबाई, तुमच्याकडं बी आलं का पाणी?”

“आलं की. मलाच काय इचारताय? सोडलं कुनी, तुमीच न्हवं?”

घागर भरून वाहू लागली तेव्हा ती नळाकडं वळली.

घरात येऊन त्यानं खुंटीवरचा टॉवेल डोक्याला बांधला. हात सवयीनं दारामागं गेला, रिकामा परत आला. उत्कर्षनं कानातला इअरफोन काढला.

“आता कुठं? पाणी तर आलंय.”

बंडप्पानं चपला घातल्या आणि टाकीच्या वाटेला लागला.