बटण बंद, तरी उजेड

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मी डोळे झाकून खोलतो, अशी कळस गावात माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली, हा भाग वेगळा. त्याच जोरावर नव्या स्वयंपाकघराची वायरिंग मी वायरमन न बोलावता केली आणि झोकात एलईडी बल्ब लावले.

ओट्यावरचा बल्ब बटण बंद केलं तरी मिणमिणायचा. बायकोनं विचारलं, तर मी म्हणालो, "भारी बल्ब हाय. चार्जिंग साठतं त्यात."

घटस्थापना तोंडावर आली की आमच्याकडं घर नुसतं झाडत नाहीत, धुतात. शेतातली पाण्याची नळी थेट स्वयंपाकघरात येते. त्या सकाळी फरशीवर पाणीच पाणी. बायको अनवाणी, लोखंडी स्टुलावर, हातात ओला फडका; बल्ब काढून होल्डर पुसायच्या बेतात. दारात माझे चुलते चहाची वाट बघत बसलेले. जन्मभर वायरमनकी केलेला माणूस. मी कौतुकानं म्हणालो, "तात्या, बघा, बटण बंद आन् उजेड फुकट!"

तात्या ताडकन उठले. "सूनबाई, हात खाली! उतर आदी!"

ती उतरली. तात्यांनी मेन पाडला, बोर्ड खोलला आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी उगाच नळी गुंडाळायला लागलो.

"बटणात न्यूट्रल घातलाय तू. फेज, म्हंजी करंटाची तार, सरळ होल्डरात. दिवा इझतो, पर करंट होल्डरातच बसून ऱ्हातो."

"पण तात्या, मिणमिणणारा परत्येक बल्ब असाच असतो व्हय?"

"न्हाय. कवा बटणातल्या बारक्या दिव्यानंबी मिणमिणतो. पर खोलून बगायचं कुणी? तुज्या स्टार्टरनं?"

बायको फडका पिळत एवढंच म्हणाली, "तीनदा इचारलं मी. तीनदा चार्जिंग."

फडक्याचं पाणी टपटपत होतं. त्या वेळी मला खरी भीती वाटली.

संध्याकाळपर्यंत तात्यांनी माझ्याच हातून घरातली सगळी बटणं फेजवर करून घेतली. दुसऱ्या दिवशी ब्रेकर बसवला, करंट गळला की आपोआप पडणारा. बल्ब आता बटणाचं ऐकतो.

होल्डर मात्र पुसायचे राहिलेच होते. बायकोनं स्वतः मेन पाडला, कोरडा फडका माझ्या हातात दिला. "चढा."

मी चढलो. वायरिंग तात्यांनी तपासलेली, मेन बंद, फरशी सुकलेली. तरी होल्डरजवळ नेलेला हात मी दोनदा मागं घेतला.

खालून आवाज आला, "काय झालं? चार्जिंग उतरलं?"