बाईसाहेबांचा काढा

तबेल्यात मावशीचं कुणाशी म्हणून पटायचं नाही. मालकालासुद्धा ती तोंडावर सुनवायची, "तुम्ही आपले हिशेब बघा, घोड्यांचं मी बघते." मालक हसून सोडून द्यायचा. नवरा गेल्यावर त्याचं मोतद्दाराचं काम हिनं अंगावर घेतलं आणि जिवाचं रान करून निभावलं, हे त्याला ठाऊक होतं. मावशीला मूलबाळ नव्हतं. होती ती एक म्हातारी तांबडी घोडी. लोक घोडी म्हणायचे, मावशी 'बाईसाहेब' म्हणायची.

त्या वर्षी ऊन तापायला लागलं, बाकीच्या घोड्यांचे हिवाळ्यातले केस झडून गेले, पण बाईसाहेबांचे काही झडेनात. अंगावर नुसतं जंगल, आणि पाणी तर बादलीमागून बादली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "मेंदूतली एक ग्रंथी बिघडलीय, त्यामुळे शरीरातली संप्रेरकं वर-खाली झालीत. हे मुळापासून बरं होत नाही, पण रोजच्या गोळीनं आटोक्यात राहतं. आणि हिरव्या कुरणात सोडायचं नाही, मावशी. या आजारात हिरव्या गवतानं खुरं आतून सुजतात."

गोळी सुरू झाली आणि बाईसाहेबांनी दाण्यावरून तोंड फिरवलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, म्हणाले थोडा धीर धरा. धीर आणि मावशी! पाळी जायच्या दिवसांत तिच्या स्वतःच्या अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली होती. तेव्हा आईनं निळ्या फुलांच्या एका झुडपाचे मिऱ्याएवढे दाणे उकळून पाजले होते आणि तिला बरं वाटलं होतं. "हे बाईमाणसाचं दुखणं आहे, त्या पुरुषांना काय कळणार?" असं म्हणून तिनं तोच काढा घोडीच्या कोंड्यात कालवला. गोळी कोनाड्यात राहिली.

आणि काय सांगावं, केस झडायला लागले! खराऱ्यात पुंजकेच्या पुंजके यायचे. खालून तांबडी, तुकतुकीत कातडी निघाली. बाईसाहेब दाणा मागायला लागल्या. मालकानं तोंडात बोट घातलं. मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. "बघितलंत? म्हणे बरं होत नाही!" आणि त्याच आनंदात, आजार गेलाच म्हणून, तिनं घोडीला कुरणात सोडलं. इतके दिवस सुकं गवत चघळणारी ती, हिरव्यात तोंड खुपसून चरत राहिली. मावशी कुंपणाला टेकून बघत होती. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

काही दिवसांनी घोडी पुढचा एक पाय उचलायची, टेकवायची, मग दुसरा. मावशीला वाटलं, वय झालंय, चालायचंच. रोज केस बघायची ती. खुरांना हात लावून बघायचं तिच्या मनातच आलं नाही. एका सकाळी बाईसाहेब उठल्याच नाहीत, तेव्हा तिनं डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी खुरांचे एक्स-रे काढले. आतलं हाड फिरून तळव्यापर्यंत खाली आलं होतं. "गोळी चालू होती ना?"

मावशीनं मान हलवली. नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुमच्या काढ्यानं केस सुधारले, मावशी," ते हळूच म्हणाले. "आजार तसाच होता. आता तिला या वेदनेत ठेवणं बरं नाही. इंजेक्शन देऊन सोडवू या. पण इथं तबेल्यात नको, नंतर बाहेर काढता येणार नाही. अंगणापर्यंत चालवावं लागेल."

त्यांनी वेदना कमी करणारं औषध टोचलं, धरून तिला उभं केलं. मालकानं दोरी ओढली, डॉक्टरांनी मागून रेटलं. घोडी थरथरत होती, पण जागची हलेना. मालकानं मावशीकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. काय करायला हवं ते मावशीला कळलं होतं.

ती अंगणात जाऊन उभी राहिली. तिनं हाक मारली, "या, बाईसाहेब."

घोडीनं कान टवकारले. आणि निघाली. एकेक पाऊल टाकताना अंग आक्रसत होतं, तरी थांबली नाही. "नको गं येऊ," मावशी मनात म्हणत होती, आणि तोंडानं हाका मारत होती. बाईसाहेब थेट तिच्यापर्यंत आल्या आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या राहिल्या.